जिभेत किंवा ओठात पिअर्सिंग करताय? दातांना कमीत कमी त्रास देणारा दागिना कसा निवडायचा

माझ्या खालच्या ओठात मी पिअर्सिंग केलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. दागिना ओठावर कसा दिसतो याचा महिनाभर विचार केला होता. तो ओठाच्या आतल्या बाजूला कशावर टेकतो, हा विचार मात्र एकदाही मनात आला नाही. पहिल्या दिवशी घातलेला लांब बार, म्हणजे टोकांना गोळी असलेली दांडी, मी अडीच वर्षं तसाच ठेवला. मग एका सकाळी ब्रश करताना खालचा एक पुढचा दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसला. दात लांब झाला नव्हता, त्याची हिरडी खाली सरकली होती. डेंटिस्टनी बारीक मोजपट्टीने मोजलं तर तीन मिलिमीटर. बारची आतली गोळी बरोबर त्याच जागी घासत होती.

सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. फार गेली तर टाळूचा पातळ तुकडा घेऊन तिथे शिवावा लागतो. हे मला पिअर्सिंगच्या आधी कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. तुम्हाला ते आधी कळावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. तोंडातलं कुठलंही पिअर्सिंग दातांसाठी शंभर टक्के सुरक्षित नसतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा तोंडातल्या पिअर्सिंगला सरळ विरोध आहे, आणि तुमचे डेंटिस्टही बहुधा "नको" असंच म्हणतील. मी डॉक्टर नाही. ज्यांचं ठरलेलं आहे किंवा ज्यांनी आधीच टोचून घेतलं आहे, त्यांचं नुकसान कमी व्हावं एवढ्यासाठी हा लेख आहे.

१. आधी डेंटिस्टकडे जा, स्टुडिओ नंतर

आपल्याकडे कान टोचायला सोनाराकडे जातात. बाळ रडतं, आजी साखर भरवते आणि पाच मिनिटांत काम होतं. तोंडाचं असं नसतं. कानाच्या पाळीमागे घासायला काही नाही. जिभेच्या आणि ओठाच्या मागे दात आणि हिरड्या आहेत, आणि बोलताना, गिळताना, झोपेतसुद्धा त्या दागिन्याला लागत राहतात.

डेंटिस्टकडे या गोष्टी तपासून घ्या:

- खालच्या पुढच्या दातांवरची हिरडी जाड आहे की पातळ. काहींची हिरडी इतकी पातळ असते की खालच्या मुळाचा उंचवटा बोटाला लागतो. तुमची तशी असेल तर ओठाचं पिअर्सिंग करू नका, असंच मी सांगेन.
- हिरडी आधीच कुठे सरकली आहे का.
- दाढांना मोठी फिलिंग किंवा सिरॅमिकच्या कॅप आहेत का. जिभेतल्या बारची गोळी चावली गेली तर आधी त्यांचाच टवका उडतो.
- दातांवर कीट किती आहे. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळेच्या ग्रंथी उघडतात, त्यामुळे तिथे कीट लवकर साचतं. आधी स्केलिंग करून, म्हणजे ते कीट खरवडून काढून घ्या.

दातांना तारा लावल्या असतील तर त्या निघेपर्यंत थांबा. हृदयाच्या झडपेचा आजार, मधुमेह किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तोंडातले जंतू जखमेतून रक्तात शिरतात, आणि बिघडलेल्या झडपेसाठी ते जिवावर बेतू शकतं.

आता तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटखा, मावा, सुपारी कशी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. ही सवय असेल तर तोंडाचं आतलं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, कधी कधी कडक झालेलं असतं. अशा तोंडात भोक पाडू नका.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: खोटे कानातले घातले की कान खाजतात का? जीन्सच्या बटणाने पोटावर चट्टा उठतो का? तसं असेल तर तुम्हाला निकेल सोसत नाही, असा दाट संशय घ्या. धातू निवडताना याचा उपयोग होणार आहे.

२. जागा निवडा

पिअर्सिंग कुठे आहे यावरच निम्मं ठरतं. चुकीच्या जागी घातलेला उत्तम दागिनासुद्धा हिरडी खातो.

जिभेच्या मधोमध, वरून खाली, एक सरळ बार हा प्रकार सर्वांत जास्त तपासून पाहिलेला आहे. जिभेखालच्या पडद्याच्या किंचित पुढे खालचं टोक येतं. टोचण्याआधी खुणेचा ठिपका लावतात. तो लागल्यावर तोंड मिटा, जीभ नेहमीसारखी सैल ठेवा आणि खालचा ठिपका कुठे येतो ते बघा. पुढच्या दातांच्या मागे हिरडीला भिडत असेल तर जागा बदलून मागा. एकदा टोचलं की ती संधी गेली.

ओठात टोचताना सगळा प्रश्न उंचीचा असतो. आतली चकती दाताच्या पांढऱ्या भागावर, साधारण मध्यावर टेकायला हवी. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर ती येता कामा नये. माझी त्याच रेषेवर होती. पिअर्सरला सांगा, "आतून कुठे येणार आहे ते दाखवा," आणि आरशात स्वतः पाहा. चांगला पिअर्सर यावर चिडत नाही.

तीन प्रकारांपासून लांब राहा, असं मी कळकळीने सांगेन. पहिला, वरच्या ओठाच्या आतल्या पडद्यातलं पिअर्सिंग, ज्याला स्माइली म्हणतात. ते दिवसरात्र वरच्या हिरडीवर आणि पुढच्या दातांवर लोंबकळतं. दुसरा, जिभेच्या टोकाशी आडवा एकच बार, म्हणजे स्नेक आइज. जिभेचे दोन्ही भाग वेगवेगळे हलायला हवेत, आणि हा बार त्यांना एकत्र बांधून टाकतो. शिवाय दोन्ही गोळ्या पुढच्या दातांच्या थेट मागे येतात. जबाबदार पिअर्सर हे करायला नकार देतात. तिसरा, गाल. वरच्या दाढेसमोर गालात लाळेची नळी उघडते, तिला इजा झाली तर ते निस्तरणं फार कठीण जातं.

३. धातू: नाव विचारू नका, मानक विचारा

आधी एक गैरसमज दूर करू. चांगला धातू तुमच्या जखमेचं रक्षण करतो, दातांचं नाही. टायटॅनियमची गोळी दातावर आपटली तरी इनॅमलचा, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराचा, टवका उडतो. दातांचं भवितव्य लांबीवर आणि आकारावर ठरतं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण जखम चिघळली की सूज राहते, सूज राहिली की लांब बार बदलता येत नाही, आणि लांब बार हिरडी घासत राहतो. म्हणून धातूपासून सुरुवात.

टायटॅनियम. पहिल्या दागिन्यासाठी हेच घ्या. नुसतं "टायटॅनियम आहे" यावर विसंबू नका. शरीरात बसवायच्या टायटॅनियमचं मानक, म्हणजे धातूत काय आणि किती असावं याचा ठरलेला नियम, एएसटीएम एफ १३६ किंवा आयएसओ ५८३२-३ या नावाने असतं. एफ १२९५ आणि एफ ६७ हेही चालतात. दुकानदाराकडे त्या मालाचं मिल सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) असतं, ते दाखवायला सांगा. ऑनलाइन पाकिटांवर "जी २३" असं छापलेलं दिसतं. तो मिश्रधातूचा प्रकार झाला. सर्टिफिकेट नसेल तर नुसत्या त्या अक्षरांना काही अर्थ नाही. रंगीत टायटॅनियमवर बहुतेक वेळा रंग लावलेला नसतो. विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर पातळ थर तयार केलेला असतो, म्हणून ते चालतं. तोंडात तो रंग कालांतराने फिका पडतो, एवढंच.

सर्जिकल स्टील. हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण तो कुठल्याही एका ठरावीक धातूचं नाव नाही. सहसा मिळतं ते ३१६ एल, आणि त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. निकेल न सोसणाऱ्यांनी ते घेऊ नये. स्टीलच घ्यायचं झालं तर एएसटीएम एफ १३८ मागा.

बरेच जण चुंबक लावून बघतात. त्याचा उपयोग नाही. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही आणि ३१६ एललाही जवळपास चिकटत नाही. त्यापेक्षा दोन सारख्या मापाचे बार तळहातावर घेऊन पाहा. स्टीलची घनता टायटॅनियमच्या पावणेदोन-दोन पट असते, त्यामुळे स्टीलचा बार हाताला चांगलाच जड लागतो. हा पुरावा नाही, पण फसवणुकीचा संशय यायला पुरेसा आहे.

सोनं. आपल्याकडे घरचे म्हणतात, "तोंडात घालायचंच तर सोन्याचं घाल." माझ्या मावशीने तर नेहमीच्या सोनाराकडून बनवून आणायची तयारी दाखवली होती. प्रेमाने सांगते, थांबा. १४ ते १८ कॅरेटचं, निकेल नसलेलं भरीव सोनं तोंडात चालतं. पण हॉलमार्क फक्त सोनं किती शुद्ध आहे ते सांगतो, बाकीचे धातू कोणते आहेत हे सांगत नाही. आणि २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. ओठातला स्टड त्याहून हलकाच असतो, म्हणजे ओठात जाणाऱ्या दागिन्यावर बहुधा कुठलाच शिक्का नसणार. डाग देऊन जोडलेल्या ठिकाणी कोणता धातू वापरला हाही प्रश्न उरतो. सोनं हवंच असेल तर जखम पूर्ण भरल्यावर, शरीराच्या पिअर्सिंगसाठीच बनवलेलं, मिश्रण लेखी सांगितलेलं घ्या. बावीस कॅरेट तोंडासाठी मऊ पडतं, त्यावर ओरखडे उठतात आणि ओरखड्यात घाण बसते.

चांदी, एक ग्रॅमवाले दागिने आणि मुलामा दिलेलं काहीही तोंडात नको.

प्लास्टिक. "दातांना मऊ" म्हणून ॲक्रिलिकची गोळी गळ्यात मारली जाते. ॲक्रिलिक ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) निर्जंतुक करता येत नाही, आणि चावलं की तडकतं. तुकडा पोटात गेला तर बहुधा निघून जातो, श्वासनलिकेत गेला तर जिवाशी खेळ. पीटीएफईसारखं (म्हणजे टेफ्लॉन) लवचीक प्लास्टिक वेगळं. जखम भरल्यानंतर काही डेंटिस्टही ते सुचवतात, कारण ते दातावर धातूसारखं आदळत नाही. त्यावर दातांचे व्रण दिसले की लगेच बदलायचं. पण पहिल्या दिवसासाठी ते घेऊ नका.

४. लांबी: सगळ्यांत महत्त्वाचा भाग

घाईत असाल तर निदान हा भाग वाचा.

टोचल्यावर जीभ सुजते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती सर्वांत जाड असते. म्हणून पहिला बार मुद्दाम लांब घालतात: जिभेत साधारण १८ ते २२ मिमी, ओठात १० ते १२ मिमी. हे बरोबरच आहे. सुरुवातीलाच आखूड घातला तर गोळी मांसात रुतते. चूक पुढे होते. सूज उतरते, दुखायचं थांबतं आणि आपल्याला वाटतं की काम झालं. जो बार सुजेसाठी होता, तोच आता तोंडात मोकळा हिंडत असतो.

२००२ मध्ये एका अमेरिकी दंतवैद्यकीय नियतकालिकात जीभ टोचलेल्या ५२ जणांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. ज्यांच्या जिभेत १.५९ सेंटिमीटरपेक्षा लांब बार दोन किंवा जास्त वर्षं होता, त्यांच्यापैकी निम्म्यांची पुढच्या दातांमागची हिरडी सरकलेली होती. आणि चार किंवा जास्त वर्षं पिअर्सिंग असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढांचे किंवा उपदाढांचे टवके उडालेले होते. हे लोक काही निष्काळजी नव्हते, नुसती वर्षं गेली होती.

लांब बार हिरडीच्या कडेपर्यंत पोचतो. आखूड बार पोचत नाही. एवढं साधं यंत्रशास्त्र आहे हे.

म्हणून सूज उतरली की बार बदला. जिभेसाठी बहुतेकांना शेवटी १४ ते १६ मिमी लागतो, ओठासाठी ६ ते ८ मिमी. पण जीभ आणि ओठ प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे माझा किंवा मैत्रिणीचा आकडा घेऊन ऑर्डर देऊ नका. बरोबर लांबीची खूण ही: तोंड सैल मिटलं असताना दोन्ही टोकं कातडीला अलगद टेकलेली हवीत, खळगा पडता कामा नये आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये.

माप वाचताना गोंधळ होतो, म्हणून इथे लिहून ठेवते:

- बारची लांबी म्हणजे फक्त मधली दांडी. गोळ्या धरायच्या नाहीत.
- रिंगचं माप म्हणजे आतला व्यास.
- जाडी गेजमध्ये सांगतात, आणि आकडा मोठा तितकी दांडी बारीक. १४ गेज म्हणजे १.६ मिमी, १६ गेज म्हणजे १.२ मिमी. जिभेत १४ गेज, ओठात १६ किंवा १४. त्याहून बारीक दांडी नाजूक दिसते, पण मांसाला तारेसारखी कापत जाते.

हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर कॅलिपर मिळतो. एक घेऊन ठेवा. मी मागवलेल्या एका "८ मिमी"च्या बारची लांबी मोजल्यावर १० निघाली होती.

५. आतलं टोक: गोळी नको, चकती घ्या

बाहेरचं टोक लोकांना दिसतं, आतलं दातांना लागतं. निवड आतल्या टोकापासून करा.

ओठासाठी मागे सपाट चकती असलेला लॅब्रेट घ्या. चकती साधारण ४ मिमी व्यासाची, गोल घासलेल्या कडांची, आणि दांडीसह एकाच तुकड्यातून बनलेली असावी. बोटाचं टोक तिच्या कडेवरून फिरवा. जरा जरी धार लागली तर परत द्या. कानासाठी मिळणाऱ्या अडीच मिमीच्या चकत्या ओठात रुतून बसतात, त्या घेऊ नका. माझ्या बारला मागे गोळी होती. चकती दातावर पसरून बसते, गोळीचा दाब मात्र एका ठिपक्यावर येतो, आणि तोच ठिपका हिरडीला खणत जातो.

जिभेच्या खालच्या बाजूलाही सपाट टोक किंवा ४ मिमीची लहान गोळी चांगली. वर ५ मिमी पुरे. मोठ्या गोळ्या दाढांखाली सापडतात. आत कुठेही खडा, काटे, अणकुचीदार आकार नको. खड्याचा शौक बाहेरच्या टोकावर पुरवा.

ओठातली रिंग सुंदर दिसते हे खरं. पण तिची आतली कमान सतत फिरत राहते, दातावर आणि हिरडीवर घासते. लग्नाला, कार्यक्रमाला घातली आणि रात्री काढली, इतपत ठीक. रोजच्यासाठी नको.

६. फिरकी आणि आटे

कानातल्याच्या फिरकीला दांडीवर आटे असतात, ते आपल्याला माहीत आहेत. तोंडाच्या दागिन्यात आटे दांडीच्या आत असायला हवेत, म्हणजे दांडी बाहेरून गुळगुळीत राहते. बाहेर आटे असलेली दांडी भोकातून जाताना कानशीसारखी घासत जाते, आणि पुढे त्या खाचांत कीट साठतं. नखाने दांडीचं टोक चाचपा, लगेच कळेल.

आट्यांशिवाय नुसतं दाबून बसवायचं टोकही मिळतं. पिन किंचित वाकवून आत ढकलतात. ओठासाठी ते छान आहे. जिभेवर जोर जास्त येतो, तिथे मी आतल्या आट्यांवरच भरवसा ठेवेन.

रोज सकाळी आणि झोपताना, हात साबणाने धुऊन, गोळी घट्ट आहे का पाहा. बरणीचं झाकण ज्या दिशेने लावतो त्याच दिशेने ती आवळते. हात घसरत असतील तर स्वच्छ रबरी हातमोजा घाला. पक्कड कधीही वापरू नका.

७. स्टुडिओत जाताना

सोबत न्यायचं:

- वयाचा पुरावा असलेलं फोटो ओळखपत्र. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांना सोबत न्या. खरं तर अठरापर्यंत थांबाच.
- डेंटिस्टकडच्या तपासणीचा कागद
- औषधांची आणि ॲलर्जीची यादी
- दातांचे आणि हिरड्यांचे आधीचे फोटो

तिथून घ्यायचं:

- पक्कं बिल, ज्यावर धातूचं मानक, गेज, लांबी आणि चकतीचा व्यास लिहिलेला असेल
- मिल सर्टिफिकेटचा फोटो
- संमतीपत्राची प्रत
- बार बदलायची तारीख, लिहून

विचारायचं: दागिना सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर उघडणार का? ऑटोक्लेव्हची जंतू मरतात की नाही ही चाचणी केव्हा केली, तिचा कागद दाखवाल का? टोचायला एकदाच वापरायची पोकळ सुई आहे की गन? गन म्हटलं की उठून बाहेर पडा. ती तोंडासाठी नाहीच. शेवटचा प्रश्न: आखूड बार लावायला परत आले तर कधी येऊ, आणि त्याचे किती घ्याल? मी गेले तिथे हा विषय कोणी काढलाच नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या बारचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा. दोन्ही बारचा खर्च एकत्र परवडत नसेल तर पिअर्सिंग पुढच्या महिन्यावर ढकला.

आणखी एक: पिअर्सिंगनंतर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही. नियमित रक्तदाते असाल तर शिबिर आधी, टोचणं नंतर.

८. पहिले आठवडे आणि दुसरी भेट

जीभ भरायला साधारण चार ते सहा आठवडे, ओठाला सहा ते आठ किंवा जास्त. पहिले चार-पाच दिवस थंड पेज, मऊ वरणभात, केळं, दही. बर्फाचे छोटे खडे चघळा. तर्रीची मिसळ आणि कढत चहा वाट बघतील. खाल्ल्यावर कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ घालून चुळा भरा. जास्त मीठ म्हणजे जास्त गुण असं नसतं, उलट जखम जळते. माउथवॉश अल्कोहोल नसलेला. सिगारेट, तंबाखू, दारू बंद.

घास लहान घ्या आणि सावकाश चावा. सवय नसताना लांब बार दाढांखाली येतो, आणि पहिल्याच आठवड्यात दात तुटल्याची उदाहरणं असतात.

जिभेसाठी दोन ते चार आठवड्यांनी, ओठासाठी चार ते सहा आठवड्यांनी परत स्टुडिओत जा आणि आखूड बार लावून घ्या. पहिला बदल घरी करू नका. कोवळं भोक काही मिनिटांत आकसतं. ही तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. परीक्षा, गावची जत्रा, ऑफिसचं काम, काहीही आलं तरी ही भेट चुकवू नका. माझी ही भेट ठरलीच नव्हती, आणि मग राहूनच गेली.

जिभेखालचा भाग फुगून कडक झाला, ताप आला, गिळता येईना, श्वासाला त्रास होऊ लागला, तर रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथली सूज श्वासमार्ग बंद करू शकते. दागिना काढायचा की ठेवायचा ते तिथले डॉक्टर ठरवतील.

९. घरची तपासणी

महिन्याच्या एक तारखेला, खिडकीशी उभं राहून, ओठ खाली ओढून पुढच्या दातांचा फोटो काढा. जिभेचं पिअर्सिंग असेल तर लहान आरसा धरून खालच्या दातांच्या मागचाही. मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. हिरडी इतक्या हळू सरकते की रोज आरशात बघून कळतच नाही. मला अडीच वर्षांनी कळलं.

बार, चकती, गोळी रोज मऊ ब्रशने घासा. चकतीच्या मागे पिवळट थर आला तर ते कीट आहे, आणि त्याची खरखर हिरडीला सोलते. दर सहा महिन्यांनी डेंटिस्टकडे जा आणि पिअर्सिंग दाखवा, लपवू नका.

खेळायची सवय मात्र सगळ्यांत घातक. अभ्यास करताना, फोन बघताना गोळी दातांवर वाजवणं, चकती दातांत धरून ओढणं. आपल्याला ते जाणवत नाही, शेजारच्याला ऐकू येतं. माझी आई स्वयंपाकघरातून विचारायची, "तोंडात काय टकटक वाजतंय गं?" घरच्यांना सांगून ठेवा की आवाज आला की टोका. बार आखूड झाला की हा चाळा बहुतेकांचा कमी होतो, पण काही जण आखूड बारही दातांमध्ये आणून चावत राहतात. आठवडाभर प्रयत्न करूनही सुटत नसेल तर मऊ टोकं लावा, तरीही नाही सुटलं तर दागिना काढा.

कबड्डी, फुटबॉल, कराटे खेळताना दागिना काढून ठेवा. एमआरआय, जबड्याचा एक्स-रे किंवा भूल द्यायची असेल तेव्हाही आधी सांगा. नीटसारख्या परीक्षेत धातूचा दागिना चालत नाही, त्यामुळे परीक्षेच्या वर्षात नवीन पिअर्सिंग करू नका. ओली जखम असताना काढलं तर भोक बुजतं.

१०. केव्हा काढायचं

पुढीलपैकी एक जरी दिसलं तरी दागिना काढा आणि डेंटिस्टची वेळ घ्या: हिरडीच्या कडेला खाच पडली, एक दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसू लागला, थंड पाण्याने त्याच एका दाताला कळ येते, दाताचा कोपरा खरखरीत लागतो, दात किंचितही हलतो. "आखूड बार लावून बघू" असं या टप्प्यावर करू नका. जुनं भोक थोडं बुजेल, ओठावर बारीक वण राहील. एवढी किंमत कमी आहे.

हिरडी सरकलेल्या दाताला कडक ब्रश लावू नका. मऊ ब्रश, हलका हात, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट. मी बार काढला त्या दिवशी तीन मिलिमीटर होतं. डेंटिस्ट दर सहा महिन्यांनी मोजतात, आणि गेल्या तीनही खेपांना ते तीनच भरलं आहे. शिवण्याची गरज अजून पडलेली नाही. आइस्क्रीम मी उजव्या बाजूने खाते.